गाडी लागते म्हणजे नेमकं काय काय होतं?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या प्रश्नांचा विषय आहे प्रवासातली मळमळ. आलेल्या बहुतेक पत्रांची सुरुवात एकाच वाक्याने होते: "मला गाडी लागते." कोल्हापूरच्या स्टँडवर कुणी 'गाडी लागली' म्हटलं की लोक पिशव्या उचलून फलाटाकडे धावतात. तेच वाक्य करूळ घाटात शेजारच्या सीटवरून ऐकू आलं की पिशवी वेगळ्याच कामासाठी शोधावी लागते. शब्द सोयीचा आहे, पण मळमळ, चक्कर, गार घाम, पेंग, चिडचिड हे सगळं त्याच्या एकाच बोचक्यात बांधलं जातं. ते बोचकं सोडल्याशिवाय उपाय कुठला करायचा हे ठरत नाही. म्हणून पुढची उत्तरं मोजण्याबद्दल जास्त आहेत, गोळ्यांबद्दल कमी.

प्रश्न : आमच्या शाळेची पाचवीची सहल दरवर्षी गगनबावडामार्गे मालवणला जाते. गेल्या वर्षी पालकांकडून 'गाडी लागते का? हो / नाही' एवढं लिहून घेतलं होतं. 'नाही' लिहिलेल्या मुलांनीच घाटात उलट्या केल्या आणि 'हो' लिहिलेली काही मुलं शेवटपर्यंत गाणी म्हणत होती. यंदा नोंद कशी ठेवावी? – एक शिक्षिका, राजारामपुरी

उत्तर : पालक खोटं लिहीत नाहीत, प्रश्नच अपुरा आहे. घरच्या कारमध्ये पुढे बसून कागलपर्यंत जाणारं मूल आणि तेच मूल बसच्या मागच्या बाकावर घाट उतरताना, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्जात चार गोष्टी विचारा: कोणत्या वाहनात त्रास होतो, कुठल्या जागी बसल्यावर होतो, गेल्या वर्षभरात किती वेळा झाला, आणि झाला तेव्हा उलटीपर्यंत गेला की नुसती मळमळ राहिली. घरात कुणाला अर्धशिशी आहे का, हेही विचारा. अर्धशिशी असणाऱ्यांना प्रवासाचा त्रास जास्त होतो आणि ती घराण्यात चालत येते. दोन वर्षांखालच्या बाळांना गाडी सहसा लागत नाही, दोन ते बारा या वयात मात्र सगळ्यात जास्त लागते. तुमची पाचवीची मुलं नेमकी त्या टप्प्यात आहेत, त्यामुळे 'नाही' लिहिलेल्यांवरही नजर हवीच.

प्रत्यक्ष प्रवासात मुलांना पुढच्या उत्तरात आलेली सोळा वाक्यांची प्रश्नावली देऊ नका, ती मोठ्यांसाठी आहे. चार प्रश्न पुरतात. पोटात ढवळतंय का? डोकं गरगरतंय का? घाम येतोय, अंग गार पडलंय का? झोप किंवा चिडचिड येतेय का? प्रत्येकाला ० ते ३ : अजिबात नाही, थोडं, बरंच, सहन होत नाही. उत्तर मोठ्याने मागू नका. मुलाने मांडीवर बोटं दाखवायची आणि शिक्षकाने कागदावर लिहायची. 'मळमळतंय' हा शब्द बसभर फिरला आणि त्यात एका उलटीचा वास मिसळला की धडधाकट मुलंही ओकारी काढतात.

नोंद चार वेळा घ्या. पहिली कोल्हापुरातून निघण्याआधी, मुलं बसमध्ये बसल्यावर पण बस उभी असताना. हीच नोंद सगळ्यात जास्त वेळा राहून जाते. पहाटे चारला उठलेलं, उपाशीपोटी आलेलं किंवा सर्दीने बेजार मूल घाटाआधीच २ दाखवतं आणि मग दोष घाटाला जातो. दुसरी नोंद गगनबावड्यात, म्हणजे साधारण ५५ किलोमीटर गेल्यावर, घाट सुरू होण्याआधी. तिसरी वैभववाडीला, घाट उतरल्यावर लगेच. चौथी त्यानंतर अर्ध्या तासाने. दोन नोंदींच्या मध्ये उलटी झाली तर वेळ लिहा, कारण उलटी झाली की बहुतेक मुलांना तात्पुरतं हलकं वाटतं आणि आकडा एकदम खाली येतो. फक्त शेवटी विचारलंत तर सगळ्यात जास्त त्रास झालेलं मूलच कागदावर सगळ्यात बरं दिसेल.

या वयाच्या मुलांना मळमळीसाठी शब्द पटकन सापडत नाही, ती 'पोट दुखतंय' म्हणतात. अशा वेळी चेहऱ्यांची पट्टी वापरा. 'बॅक्स्टर रिचिंग फेसेस' नावाची सहा चेहऱ्यांची पट्टी नेमकी मुलांच्या मळमळीसाठीच बनवलेली आहे. शांत चेहऱ्याला ०, मग २, ४, ६, ८ आणि उलटी करणाऱ्या चेहऱ्याला १०. मूल फक्त बोट ठेवतं.

आणि मूल काहीच बोलत नसेल तर त्याच्याकडे पाहा. पुष्कळदा क्रम असा असतो: गडबड करणारं मूल गप्प होतं, जांभया देतं, चेहरा आणि ओठांभोवतीचा भाग पांढरा पडतो, कपाळावर बारीक घाम येतो, तोंडाला पाणी सुटून ते सारखं घोट गिळायला लागतं. घोट गिळणं दिसलं की पिशवी हातात द्या, तेव्हा हातात फार वेळ नसतो. फिकटपणा पाहून ठरवायचं असेल तर निघण्याआधीचा चेहरा लक्षात हवा. गोऱ्या मुलाचा आणि सावळ्या मुलाचा फिकटपणा सारखा दिसत नाही. सावळ्या मुलाचे ओठ आणि पापणीची आतली कड बघा.

आकड्यांचा उपयोग असा. पोटाच्या प्रश्नाला २ किंवा ३ आला तर मुलाला पुढे घ्या, समोरचा रस्ता दिसेल असं बसवा, हातातला मोबाइल आणि चित्रांचं पुस्तक काढून घ्या. डोकं गरगरत असेल तर डोकं सीटच्या पाठीला टेकवून स्थिर ठेवा, मागे वळून मित्राशी बोलू देऊ नका. घाम असेल तर खिडकी उघडा. झोप येत असेल तर झोपू द्या, उठवून गाणं म्हणायला लावू नका. झोपलेल्या मुलाला त्रास कमी होतो.

प्रश्न : मी शिवाजी विद्यापीठात मानसशास्त्र शिकते. प्रकल्पासाठी 'मोशन सिकनेस असेसमेंट क्वेश्चनेअर' मराठीत वापरायचं आहे. गुण कसे काढायचे आणि भाषांतरात कुठे चुकतं?

उत्तर : ही प्रश्नावली जियानारोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केली. सोळा वाक्यं आहेत आणि प्रत्येकाला १ (अजिबात नाही) ते ९ (अतिशय) गुण. तिचं महत्त्व असं की ती त्रासाचे चार गट वेगळे करते. पोटाच्या गटात चार वाक्यं आहेत. डोक्याच्या गटात पाच: भोवळ येऊन पडेन असं वाटणं, डोकं हलकं होणं, आपण कुठं आहोत याचं भान सुटणं, चक्कर, गरगरणं. घामाच्या गटात तीन: घाम, गार चिकट अंग, अंगाची उष्णता. सुस्तीच्या गटात चार: चिडचिड, पेंग, थकवा, अस्वस्थता.

एकूण गुण म्हणजे सोळाही आकड्यांची बेरीज भागिले १४४ गुणिले १००. गटाचे गुण काढताना भाजक बदलतो: पोट ३६, डोकं ४५, घाम २७, सुस्ती ३६. उदाहरणार्थ, एकाने पोटाला ६, ५, ६, ३ दिले तर बेरीज २० आणि गुण ५५.६. डोक्याला २, ३, १, ३, १ म्हणजे १० आणि २२.२. घामाला ४, ५, ३ म्हणजे १२ आणि ४४.४. सुस्तीला ३, ७, ६, ५ म्हणजे २१ आणि ५८.३. एकूण ६३ भागिले १४४, म्हणजे ४३.८. नुसतं ४३.८ लिहिलंत तर या माणसाला उलटीपेक्षा पेंगेने जास्त गाठलंय आणि चक्कर जवळजवळ नाही, हे कुठेच दिसणार नाही. तुमच्या प्रकल्पाच्या तक्त्यात पाचही आकडे हवेत.

एका ठिकाणी हमखास घोटाळा होतो. मोजपट्टी १ पासून सुरू होते, त्यामुळे काहीही त्रास नसलेल्या माणसाचे गुण शून्य येत नाहीत, ११.१ येतात. 'अकरा टक्के त्रास आहे' असं लिहिलंत तर ते चूक. आणि कुणी एखादं वाक्य रिकामं सोडलं तर तिथे शून्य धरू नका, शून्य हा या पट्टीवरचा आकडाच नाही. अर्ज परत घेतानाच सोळाही चौकटी भरल्यात का ते बघा.

आता भाषांतर. पोटाच्या गटात इंग्रजीत मळमळीसाठी तीन जवळजवळ समानार्थी शब्द आहेत. मराठीत तिन्हीकडे 'मळमळ' लिहिलंत तर लोकांना आपली फसवणूक चालली आहे असं वाटतं आणि ते डोळे झाकून एकच आकडा तीनदा लिहितात. 'पोटात कसंतरी होतंय', 'पोटात ढवळतंय', 'मळमळतंय' आणि 'आता उलटी होईल' ही चढती भांजणी आपल्याकडे कुणालाही कळते. 'सिक' या शब्दाला 'आजारी' हा प्रतिशब्द तर मुळीच नको. 'आजारी वाटतंय का' विचारलं की माणूस ताप आठवतो आणि १ लिहून मोकळा होतो.

दुसरी अडचण 'चक्कर'. उन्हात उभं राहून डोळ्यांपुढे अंधारी आली तरी चक्कर, आकाशपाळण्यातून उतरल्यावर जमीन फिरली तरी चक्कर. प्रश्नावलीत ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्याला 'भोवळ येऊन पडेन असं वाटतंय' आणि दुसऱ्याला 'भोवतालचं सगळं फिरतंय असं वाटतंय' असं पूर्ण वाक्य द्या, एकटा शब्द देऊ नका. 'पेंग' आणि 'थकवा' यांतला फरक मात्र लोक बरोबर करतात.

भाषांतर झालं की मूळ न पाहिलेल्या माणसाकडून ते पुन्हा इंग्रजीत करून घ्या आणि दोन्ही इंग्रजी मजकूर शेजारी ठेवा. जिथे अर्थ सरकला तिथली मराठी बदला. मग दहा-बारा जणांना ते वाचून दाखवा आणि प्रत्येक वाक्यानंतर 'तुम्हाला काय समजलं?' एवढंच विचारा. शिरोळच्या शेतकऱ्याला आणि ताराबाई पार्कातल्या महाविद्यालयीन मुलीला एकच वाक्य एकाच अर्थाने कळलं, तर ते ठेवा.

चालत्या बसमध्ये मात्र ही प्रश्नावली देऊ नका. कागद वाचणं हाच मळमळीचा खुराक आहे. चालत्या गाडीत तोंडी पट्टी वापरा. केशवर्झ आणि हेख्त यांनी २०११ मध्ये ० ते २० ची 'फास्ट मोशन सिकनेस स्केल' मांडली, तिच्यात दर मिनिटाला फक्त एक आकडा सांगायचा असतो. माणसाने मळमळ, पोटाची तक्रार आणि एकंदर अस्वस्थता एवढंच धरायचं, कंटाळा आणि भीती धरायची नाही, हे सुरुवातीलाच बजावून सांगा. प्रयोगशाळेबाहेर, घाटात, दर पाच मिनिटांनी विचारलं तरी चढ-उतार नीट दिसतो. दर मिनिटाला टोकलं तर बिचाऱ्याचं लक्ष पोटावरून हलतच नाही. सोळा वाक्यांचा कागद उतरल्यावर पहिल्या पाच मिनिटांत भरून घ्या. चहा-वडा झाल्यावर भरलेला कागद वड्याची चव सांगतो, घाटाची नाही.

मनगटावरच्या घड्याळातले नाडीचे ठोके लक्षणांच्या जागी वापरू नका. ठोके भीतीने वाढतात, उकाड्याने वाढतात, बॅग वर ठेवतानाही वाढतात. शरीराच्या मोजमापांत पोटाच्या विद्युतलहरी जास्त बोलक्या आहेत. निरोगी जठरात मिनिटाला सुमारे ३ लहरी असतात आणि मळमळ वाढू लागली की पुष्कळांत त्या ४ ते ९ पर्यंत जातात. पण त्याला पोटावर इलेक्ट्रोड लावावे लागतात आणि हलत्या बसमध्ये ते जमत नाही.

प्रश्न : माझी एक ३५ सीटची बस आहे, लग्नाची आणि सहलीची भाडी मारतो. आंबा घाट, फोंडा घाट नेहमीचे. मागच्या बाकावर कायम कुणीतरी ओकतं. गाडीत दोष आहे की चालवण्यात, हे मोजता येतं का?

उत्तर : येतं, आणि तेही खिशातल्या मोबाइलने. आधी थोडं गणित. मळमळ आणणारी हालचाल म्हणजे खड्ड्यांची थरथर नव्हे. खड्ड्याने कंबर दुखते, पोट ढवळतं ते संथ हेलकाव्याने. सेकंदाला ०.२ आवर्तनं, म्हणजे पाच सेकंदांत एक डोलणं, ही सगळ्यात वाईट लय. घाटात डावं वळण, उजवं वळण, ब्रेक, पुन्हा ॲक्सिलरेटर हा खेळ नेमका या लयीजवळ येतो.

वळणावर प्रवाशाला बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. २५ मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ३० किलोमीटरला तो २.८ मीटर प्रति सेकंद वर्ग येतो, ताशी २० ला १.२. वेग तिसऱ्या हिश्शाने उतरवला की जोर निम्म्याहून खाली येतो. म्हणून दहा मिनिटं उशिरा पोचलं तरी बस धुण्याचा अर्धा तास वाचतो. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर, एकदाच आणि हळू दाबा. वळणात ब्रेकवर पाय नाचवला की आडवा आणि पुढचा-मागचा हेलकावा एकत्र येतात. घाट उतरताना खालच्या गिअरवर राहिलात तर ब्रेकचे झटके आपोआप कमी होतात.

मोजायचं असेल तर त्वरण नोंदवणारं 'फायफॉक्स'सारखं मोफत ॲप घ्या. मोबाइल हातात किंवा खिशात ठेवून उपयोग नाही, अंगाची हालचाल मोजली जाईल. सीटच्या लोखंडी चौकटीला तो चिकटपट्टीने घट्ट बांधा, लांब बाजू बसच्या लांबीला समांतर, पडदा वर. एक मोबाइल ड्रायव्हरच्या मागच्या सीटला, दुसरा मागच्या बाकाला, दोन्हींची नोंद एकाच वेळी सुरू करा. आधी दोन मिनिटं बस सपाट जागी उभी ठेवून नोंदवा. त्यात दिसणारा आकडा म्हणजे मोबाइलची स्वतःची चूक, तो नंतर वजा करायचा. एकदा सकाळी रिकामी बस आणि एकदा भरलेली बस घेऊन तुलना करू नका, वजन बदललं की स्प्रिंगचं वागणं बदलतं. आलेख काढताना एकेका सेकंदाची सरासरी घ्या. इंजिनाची थरथर निघून जाईल आणि हेलकावे उरतील. वळणात बस कलते तेव्हा गुरुत्वाकर्षणाचा थोडा भाग आडव्या आकड्यात मिसळतो, त्यामुळे हे आकडे दोन सीटची किंवा दोन फेऱ्यांची तुलना करायलाच वापरा, अचूक मोजमाप समजू नका.

जहाजांसाठी एक ठोकताळा आहे, 'आयएसओ २६३१' या मानकातला. वर-खाली त्वरणाचा, संथ हेलकावे तेवढे ठेवणाऱ्या गाळणीतून काढलेला प्रभावी आकडा (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) घ्यायचा, प्रवासाच्या सेकंदांच्या वर्गमुळाने गुणायचा आणि तिनाने भागायचा. आलेलं उत्तर म्हणजे सवय नसलेल्या शंभर प्रवाशांत अंदाजे किती जण उलटी करतील. आकडा ०.५ आणि वेळ एक तास, म्हणजे ३६०० सेकंद, असेल तर ०.५ गुणिले ६०, म्हणजे ३०, भागिले तीन, दहा जण. वेळ दुप्पट केली तर वीस होत नाहीत, चौदा होतात. बसचा त्रास मुख्यतः आडव्या हेलकाव्याचा असल्याने हा ठोकताळा घाटाला जसाच्या तसा लावू नका, पण त्रास वेळेबरोबर कसा साचत जातो ते त्यातून कळतं.

मागच्या बाकाचं म्हणाल तर गाडीत दोष असेलच असं नाही. मागच्या चाकांच्या मागे बाहेर आलेला भाग सगळ्यात जास्त वर-खाली होतो आणि तिथून समोरचा रस्ता दिसत नाही, दिसते ती पुढच्या सीटची पाठ. साउथॅम्प्टन विद्यापीठातल्या टर्नर आणि ग्रिफिन यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बसप्रवाशांच्या मोठ्या पाहणीत, समोरचं दृश्य न दिसणाऱ्यांना त्रास जास्त असल्याचं आणि आडव्या हेलकाव्यांशी त्याचा संबंध असल्याचं दिसलं. ड्रायव्हरच्या मागची जाळी, काचेवर लोंबणारे हार, रंगीत पडदे जरा आवरा. ज्याला गाडी लागते त्याला पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधल्या, पण समोर बघता येईल अशा सीटवर बसवा. आणि गाडी लागणाऱ्या पाहुण्याला मागे ढकलून पुढच्या सीटवर मानपानाची मंडळी बसवण्याची पद्धत थांबवता आली तर बघा, ते गणितापेक्षा अवघड आहे.

प्रश्न : आईला उलटी कधीच होत नाही. पण पुण्याला जाताना कऱ्हाडच्या आतच ती पेंगायला लागते, जांभया देते, कुणी बोललं तर खेकसते. पुण्यात पोचल्यावरही अर्धा दिवस आडवी असते. घरचे म्हणतात, हा स्वभाव आहे. – शाहूपुरी

उत्तर : उलटी नाही म्हणजे गाडी लागत नाही, हा समज मोडायला हवा. ग्रेबिएल आणि नेप्टन यांनी १९७६ मध्ये या प्रकाराला स्वतंत्र नाव दिलं, सोपाइट सिंड्रोम. पेंग, जांभया, कामात मन न लागणं, बोलायला नको वाटणं, चिडचिड. काहींत प्रवासाचा त्रास एवढ्याच रूपात दिसतो आणि उतरल्यावरही रेंगाळतो.

मोजायला सोपं आहे. चार दिवस आईंच्या नोंदी घ्या: दोन प्रवासाचे, दोन घरचे, घड्याळाच्या त्याच वेळांना. पेंग, थकवा, चिडचिड, अस्वस्थता यांना प्रत्येकी १ ते ९. घरच्या दिवशीही दुपारी तेवढीच पेंग येत असेल तर कारण दुसरीकडे आहे: रात्रीची अपुरी झोप, रक्तदाबाची किंवा ॲलर्जीची गोळी. फक्त प्रवासाच्याच दिवशी आकडा उसळत असेल तर तो स्वभाव नव्हे. रेल्वेने एकदा जाऊन तीच नोंद घ्या, तुलनेला कामी येईल.

एक गोष्ट वेगळी लक्षात ठेवा. वयस्कर माणसाला प्रवासात अचानक गार घाम, मळमळ आणि त्यासोबत छातीत, जबड्यात किंवा हातात जडपणा आला तर ते 'गाडी लागली' म्हणून लिंबू हुंगवत बसण्याचं प्रकरण नाही. गाडी थांबवा आणि थेट जवळच्या रुग्णालयात न्या. हृदयविकाराचा झटका असाही दिसतो.

प्रश्न : नव्या नोकरीत दर आठवड्याला आंबा घाटातून रत्नागिरीला जावं लागेल. मला कितपत त्रास होईल, हे आधी कळेल का?

उत्तर : अंदाज येईल. गोल्डिंग यांच्या 'मोशन सिकनेस ससेप्टिबिलिटी क्वेश्चनेअर' या प्रश्नावलीच्या छोट्या आवृत्तीत नऊ गोष्टी विचारतात: कार, बस, रेल्वे, विमान, छोटी बोट, मोठं जहाज, झोपाळा, बागेतलं गोल फिरणारं चक्र आणि जत्रेतले जोरदार पाळणे. प्रत्येकाला कधीच त्रास नाही ०, क्वचित १, कधीकधी २, वारंवार ३. जे वाहन वापरलंच नाही त्याला शून्य नाही, फुली. एकदा वयाच्या बाराव्या वर्षाआधीचं आठवून भरायचं, एकदा गेल्या दहा वर्षांचं. प्रत्येक भागात बेरीज गुणिले ९ भागिले (९ वजा फुल्या).

समजा लहानपणी कार २, बस ३, रेल्वे ०, झोपाळा १, चक्र २ आणि बाकी चार फुल्या. बेरीज ८, गुणिले ९, भागिले ५, म्हणजे १४.४. मोठेपणी कार १, बस २, रेल्वे ०, छोटी बोट १, झोपाळा ०, चक्र १ आणि तीन फुल्या. ५ गुणिले ९ भागिले ६, म्हणजे ७.५. एकूण २१.९. मूळ अभ्यासात मधल्या माणसाचे गुण ११.३ होते आणि १९ च्या वर वरचे चतुर्थांश लोक. म्हणजे या माणसाने पहिले काही आठवडे तयारीनेच निघावं. कोल्हापूरकर बहुतेक वेळा बोट, जहाज, विमानाला फुली मारतात. फुलीच्या जागी ० धरला तर हाच आकडा २१.९ वरून १३ वर येतो आणि माणूस उगाच निर्धास्त होतो.

दर आठवड्याला तोच घाट केल्याने शरीराला सवय होते. मध्ये महिनाभर खंड पडला की ती ओसरू शकते.

प्रश्न : मोबाइल खोक्यात घालून बघायच्या त्रिमितीय चष्म्याने डोकं जड होतं. हेही गाडी लागणंच का?

उत्तर : जवळचं नातं आहे. तिथे डोळे म्हणतात आपण चाललोय आणि तोल सांभाळणारा आतला कान म्हणतो आपण खुर्चीत आहोत. बसमध्ये पुस्तक वाचताना याच्या उलटं होतं. मोजायला 'सिम्युलेटर सिकनेस क्वेश्चनेअर' वापरतात (केनेडी आणि सहकारी, १९९३): सोळा लक्षणं, ० ते ३, आणि मळमळ, डोळ्यांचा ताण, दिशाभान हरवणं असे तीन गट. काही लक्षणं दोन गटांत मोजली जातात. गटांच्या बेरजांना अनुक्रमे ९.५४, ७.५८ आणि १३.९२ ने गुणायचं. एकूण गुणांसाठी तिन्ही कच्च्या बेरजा मिळवून ३.७४ ने गुणायचं, आधीच गुणलेले आकडे मिळवायचे नाहीत. इथेच निम्मे लोक चुकतात. चष्मा काढल्यावर आकडा सुरुवातीच्या पातळीवर आल्याशिवाय दुचाकीला किक मारू नका.

प्रश्न : ॲव्होमिन कधी घ्यावी?

उत्तर : ॲव्होमिनमध्ये प्रोमेथाझिन आहे. गोळी निघण्याआधी घ्यायची असते, नेमकी किती आधी आणि किती, हे डॉक्टर सांगतील. मळमळ सुरू झाली की जठर आतलं पुढे ढकलायचं थांबवतं, मग गोळी तिथेच पडून राहते किंवा उलटीतून बाहेर येते. दोन वर्षांखालच्या मुलांना देऊ नये. चालकाने घेऊ नये, झोप येते. तुम्ही लक्षणांची नोंद ठेवत असाल तर त्या दिवशी 'गोळी घेतली' असं ठळक लिहा, नाहीतर गोळीची पेंग घाटाच्या नावावर जाईल. केमोथेरपीच्या मळमळीवर चांगली चालणारी ऑन्डान्सेट्रॉन प्रवासाच्या मळमळीवर चालत नाही, ती घरात उरलेली आहे म्हणून देऊ नका.

प्रश्न : लिंबू हुंगणं, आलेपाक, बुडाखाली वर्तमानपत्र. यातलं खरं काय?

उत्तर : तुमच्यापुरतं खरं काय, हे तुम्हीच मोजू शकता. तोच रस्ता, तीच सीट, निघण्याआधी दोन तास तेच खाणं, अशा आठ फेऱ्या धरा. चार चिठ्ठ्यांवर 'लिंबू' लिहा, चार कोऱ्या ठेवा आणि प्रत्येक फेरीच्या सकाळी एक उचला. पहिल्या चार फेऱ्या नुसत्या आणि पुढच्या चार लिंबाच्या असं करू नका. सवयीने त्रास आपोआप कमी होत जातो आणि श्रेय लिंबाला मिळतं. दर फेरीला घाटात तीनदा ० ते २० आकडा लिहा आणि त्यातला सगळ्यात मोठा धरा. पोटाचा, घामाचा, पेंगेचा आकडा गाडीतून उतरल्यावर वेगळा लिहा. लिंबाने मळमळ उतरली पण पेंग तशीच राहिली, असं निघू शकतं.

वर्तमानपत्रासाठीही हीच रीत. ते वाचायचं मात्र नाही, फक्त त्यावर बसायचं.